दुपारी अडीच, रात्री दहा: विजेचा आणि गॅसचा भाव हवामान कसं ठरवतं

मे महिन्यातल्या स्वच्छ उन्हाच्या दिवशी वीज एक्सचेंजचे, म्हणजे विजेच्या घाऊक बाजाराचे, आकडे उघडले, तर दुपारी एकच्या सुमाराला युनिटचा भाव अडीच-तीन रुपये दिसतो. त्याच दिवशी रात्री नऊला तो १० रुपयांना जाऊन टेकलेला असतो. वीज तीच, तारा त्याच. पेपरात एका पानावर 'विजेचा तुटवडा' येतो आणि दुसऱ्या पानावर 'सौरऊर्जेचं विक्रमी उत्पादन'. दोन्ही बातम्या खऱ्या असतात, म्हणूनच वाचणारा गोंधळतो.

नाशिक जिल्ह्यात बाजारभाव म्हणजे काय हे कुणाला शिकवावं लागत नाही. लासलगावला सकाळी एक भाव आणि दुपारी दुसरा, हे इथल्या घराघरांत माहीत आहे. त्याच ओळखीच्या बाजारावरून वीज आणि गॅसचं गणित बघू.

कोथिंबीर, लाल कांदा, उन्हाळ कांदा

उन्हाळ कांदा चाळीत भरला की चार-पाच महिने थांबता येतं. भाव पटला नाही तर ट्रॅक्टर माघारी नेता येतो. लाल कांदा असा थांबत नाही, काढला की काही दिवसांत विकावाच लागतो. कोथिंबिरीचं तर विचारूच नका, सकाळची जुडी संध्याकाळी मातीमोल.

कोळसा हा उन्हाळ कांद्यासारखा आहे. वीज केंद्राच्या यार्डात पंधरा-वीस दिवसांचा ढीग घालून ठेवता येतो. नैसर्गिक वायू, म्हणजे पाइपने येणारा गॅस, हा लाल कांदा. साठवता येतो, पण महागात पडतं आणि फार दिवस नाही. वीज मात्र कोथिंबिरीच्याही पुढची आहे. ती ज्या क्षणी तयार होते त्याच क्षणी कुठेतरी वापरली जावी लागते.

देशभरातली सगळी मोठी जनित्रं एकाच तालात, सेकंदाला ५० आवर्तनांनी फिरतात. मागणी पुरवठ्यापेक्षा वाढली की ताल मंदावतो, कमी झाली की चढतो. ४९.९० ते ५०.०५ या पट्ट्यात तो राखायचा असतो. तो फार ढळला तर यंत्रं स्वतःला वाचवण्यासाठी बाजूला होतात, आणि एक बाजूला झालं की बाकीच्यांवर भार पडतो. ३० आणि ३१ जुलै २०१२ ला उत्तर भारत अंधारात गेला तेव्हा पाऊस लांबलेला होता, मागणी चढलेली होती आणि राज्यं ठरल्यापेक्षा जास्त वीज ओढत होती. एक महत्त्वाची वाहिनी बंद पडली आणि पुढची साखळी कोसळत गेली.

भाव ठरतो शेवटच्या युनिटवर

लासलगावच्या लिलावात प्रत्येक ट्रॅक्टरचा भाव वेगळा निघतो. वीज एक्सचेंजवर तसं नाही. उद्याचा दिवस पंधरा-पंधरा मिनिटांच्या ९६ तुकड्यांत वाटलेला असतो. विकणारे आणि घेणारे प्रत्येक तुकड्यासाठी आदल्या दिवशी बोली देतात. स्वस्त बोलीपासून वर चढत जायचं, मागणी जिथे पुरी होते तिथे थांबायचं. तिथल्या शेवटच्या विक्रेत्याचा जो भाव, तोच त्या पंधरा मिनिटांत सगळ्यांना मिळतो.

समजा १००० मेगावॉट हवे आहेत. सौर प्रकल्पांनी २ रुपयांना ४०० दिले, जवळच्या खाणीवरच्या कोळसा केंद्रांनी साडेतीनला ४०० दिले, लांबून कोळसा आणणाऱ्यांनी ५ रुपयांना १५० दिले. उरले ५०. ते फक्त गॅसवाल्याकडे आहेत, ९ रुपयांना. मग सगळ्या हजार मेगावॉटचा भाव ९ रुपये. आता संध्याकाळी वळीव आला, हवा गार झाली आणि मागणी ५० मेगावॉटने घटली. गॅसवाला बाहेर पडला, भाव ५ रुपये. मागणी फक्त पाच टक्के कमी झाली आणि भाव जवळपास निम्म्यावर आला. आकडे समजण्यापुरते घेतले आहेत, पण वीज बाजारातली बहुतेक उसळी आणि बहुतेक घसरण अशीच होते.

हवामान मागणी आणि पुरवठा दोन्हीला एकदम धक्का देतं

कांद्याला अवकाळी लागला तर माल खराब होतो, पण त्या दिवशी लोक कांदा जास्त खायला लागत नाहीत. विजेत मात्र दोन्ही एकदम होतं, आणि या बाजाराचा तापटपणा तिथूनच येतो.

आधी उष्णता. दीड टनाचा एसी चालू असताना साधारण दीड किलोवॉट ओढतो. नाशिक शहर आणि परिसरात असे एक लाख एसी एकाच वेळी चालले तर १५० मेगावॉट झाले. एकलहऱ्याच्या औष्णिक केंद्रात २१० मेगावॉटचे तीन संच आहेत. म्हणजे एका संचाचा मोठा वाटा नुसत्या एसीत गेला. तेवढा एक संच पूर्ण भाराने दिवसभर चालवायला साडेतीन हजार टनांच्या आसपास कोळसा लागतो, म्हणजे जवळपास रोज एक मालगाडी.

त्याच उष्णतेत पुरवठाही आक्रसतो. सौर पॅनेलची ताकद २५ अंशांवर मोजलेली असते, आणि त्यावर दर अंशाला सुमारे ०.४ टक्के उत्पादन घटतं. मे महिन्यात पॅनेलचा पृष्ठभाग ६५ अंशांवर गेला तर १०० वॉटचे ८४ उरतात. गॅस टर्बाइनला गरम, विरळ हवा मिळते, तीही कमी ताकद देते. तारा तापून झोल खातात, म्हणून त्यांतून नेहमीइतकी वीज नेता येत नाही.

मग पाऊस. पाच अश्वशक्तीचा कृषिपंप ३.७ किलोवॉटचा असतो. एक लाख पंप म्हणजे ३७० मेगावॉट, तारांतली गळती धरून ४०० च्या वर. निफाड, दिंडोरी, चांदवडकडे एका रात्रीत चांगला पाऊस झाला की दुसऱ्या दिवशी ही मागणी गायब. वर नैऋत्येचा वारा सुटलेला असतो, त्यामुळे धुळे-साताऱ्याकडच्या पवनचक्क्या जोरात असतात. मागणी खाली, पुरवठा वर. २०२५ च्या मे मध्ये मोसमी पाऊस २४ तारखेलाच केरळात पोहोचला, महाराष्ट्रातही मे भर अवकाळी झाला, आणि त्या आठवड्यात काही तुकड्यांत विजेचा भाव जवळपास शून्यावर आला.

उलटी बाजू २०२३ ची. त्या ऑगस्टमध्ये देशात सरासरीपेक्षा ३६ टक्के कमी पाऊस झाला, १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट. पंप चालू, एसी चालू, धरणं अर्धी, वारा मंद. १ सप्टेंबरला देशाची मागणी २ लाख ४३ हजार मेगावॉटवर गेली, तीही पावसाळ्यात. त्यानंतरचा उच्चांक ३० मे २०२४ चा, २ लाख ५० हजार मेगावॉट.

जास्त पाऊसही गोत्यात आणतो. २०२१ च्या सप्टेंबरमध्ये खाणींत पाणी भरलं, कोळसा निघेना, जो निघाला तो ओला. ओला कोळसा चक्कीत आणि पट्ट्यावर चिकटतो, जळताना आधी पाणी उडवण्यात उष्णता जाते. ऑक्टोबरात एक्सचेंजवरचा भाव तेव्हाच्या २० रुपयांच्या कमाल मर्यादेला भिडला. पुढे वीज नियामक आयोगाने ही मर्यादा आधी १२ आणि एप्रिल २०२३ पासून १० रुपयांवर आणली. सुरुवातीला पाहिलेला तो १० चा आकडा म्हणजे बाजाराचा खरा भाव नव्हे, घातलेलं छत आहे. छताला टेकल्यावर कुणाची गरज किती हा प्रश्न उरत नाही, आहे ती वीज मागणाऱ्यांत प्रमाणाने वाटली जाते आणि बरेच जण रिकाम्या हाताने परततात.

एवढं सौर असून रात्री आठला तुटवडा का?

कारण सूर्य मावळतो आणि एसी बंद होत नाही. संध्याकाळी साडेपाच ते साडेसात या दोन तासांत सौर उत्पादन शून्यावर येतं, त्याच वेळी दिवे लागतात, स्वयंपाकघरं चालू होतात आणि दिवसभर तापलेल्या स्लॅबखाली एसी सुरू होतात. कोळशाचा संच हळूहळू चढतो, त्याला रिक्षासारखं वळवता येत नाही. म्हणून या दोन तासांसाठी झटकन चालू होणारं काहीतरी लागतं.

पाणी हे त्यातलं सगळ्यांत चांगलं. कोयनेची क्षमता १९६० मेगावॉट आहे आणि तिची टर्बाइन काही मिनिटांत भार घेतात. पण कृष्णा पाणीवाटप लवादाने वीजनिर्मितीसाठी पश्चिमेकडे वळवायच्या पाण्यावर वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा घातली आहे, आणि त्यांचं वर्ष १ जूनला सुरू होऊन ३१ मेला संपतं. ऑगस्टमध्ये हात सैल सोडला तर एप्रिल-मे मध्ये, नेमक्या गरजेच्या वेळी, कोटा संपत आलेला असतो. कोयनेचं पाणी कोणत्या संध्याकाळी सोडायचं हा दरवर्षीचा हिशेब आहे. आपल्या इगतपुरीकडे वैतरणेचा ६० मेगावॉटचा संच आहे, त्यालाही धरणातल्या पाण्याचंच बंधन.

विजेची चाळ बघायची असेल तर अकोले तालुक्यातल्या घाटघरला जावं. तिथे वरचं आणि खालचं असे दोन जलाशय आहेत. वीज स्वस्त असते तेव्हा खालचं पाणी पंपाने वर चढवायचं, महाग होते तेव्हा तेच पाणी खाली सोडून वीज घ्यायची. १२५ मेगावॉटचे दोन संच आहेत. चढवताना चार युनिटं घातली तर उतरताना तीनच्या आसपास परत मिळतात. एक युनिट वाया गेलं असं वाटतं, पण अडीच रुपयांची चार युनिटं म्हणजे दहा रुपये खर्च, आणि रात्रीची तीन युनिटं म्हणजे तीस रुपयांची वीज. बॅटऱ्यांच्या मोठ्या निविदा निघताहेत त्याही याच हिशेबावर.

मग गॅसची वीज केंद्रं कशासाठी आहेत?

नेमकी याच कामासाठी. पण त्यांना गॅस परवडावा लागतो. गॅसचा जागतिक भाव डॉलर प्रति एमएमबीटीयू असा सांगतात. हे उष्णतेचं माप आहे, साधारण २७-२८ घनमीटर गॅसमधली उष्णता. चांगलं गॅस केंद्र त्यातून सुमारे १४० युनिट वीज काढतं. डॉलर ८५ रुपये धरून हिशेब करा. गॅस साडेसहा डॉलरला मिळाला तर नुसत्या इंधनाचा खर्च युनिटला ४ रुपये. १२ डॉलरला मिळाला तर सव्वासात, त्यावर पाइपलाइनचं भाडं, जहाजाने द्रवरूपात आलेल्या गॅसचा पुन्हा वायू करण्याचा खर्च आणि कर मिळून ९-१० रुपये. ३० डॉलर झाला तर १८ च्या वर.

१० रुपयांचं छत असलेल्या बाजारात १२ डॉलरचा गॅस जेमतेम बसतो. म्हणून देशात २० हजार मेगावॉटच्या आसपास गॅस केंद्रं उभी असून त्यांतली बरीचशी वर्षभर थंड पडून असतात. दाभोळचं १९६७ मेगावॉटचं केंद्र हे महाराष्ट्राला ठाऊक असलेलं उदाहरण. महाग विजेसाठी २०२३ पासून एक्सचेंजवर वेगळा कप्पा उघडला, तो याचसाठी. २०२४ च्या मे-जूनमध्ये केंद्र सरकारने वीज कायद्याचं ११ वं कलम वापरून गॅस केंद्रांना चालू राहायला सांगितलं, तेही याचसाठी.

युरोपातल्या थंडीचा नाशिकशी काय संबंध?

भारताला लागणाऱ्या गॅसपैकी निम्म्याच्या आसपास बाहेरून येतो, आणि तो जहाजाने येतो. त्यासाठी गॅस उणे १६२ अंशांपर्यंत गार करून द्रव करतात, तेव्हा त्याचं आकारमान सुमारे ६०० पट घटतं. गुजरातेतलं दहेज हे त्याचं देशातलं सर्वांत मोठं बंदर.

यातला मोठा भाग कतारसारख्या देशांशी केलेल्या दीर्घ मुदतीच्या करारांतून येतो, त्याचा भाव कच्च्या तेलाला बांधलेला असतो. उरलेला भाग तयार जहाजाचा, आज ज्याने जास्त मोजले त्याचा. युरोप, जपान, कोरियात हिवाळा कडक झाला की घरं गरम ठेवायला गॅस जळतो, तिथले व्यापारी जास्त भाव देतात, आणि इकडे येऊ शकणारं जहाज तिकडे वळतं. २०२० मध्ये कोविडच्या काळात हा भाव २ डॉलरच्या आसपास होता. रशियाने युरोपचा पाइपचा गॅस कमी करत नेल्यावर ऑगस्ट २०२२ मध्ये तो ६० डॉलरच्या वर गेला. तेव्हा युरोपने उन्हाळ्यातच साठे भरायला घेतले होते आणि पाकिस्तान-बांगलादेशला गॅस न परवडून भारनियमन करावं लागलं.

"मग आपणच साठवून का ठेवत नाही?" हा रास्त प्रश्न. अमेरिका आणि युरोप गॅस रिकाम्या झालेल्या जुन्या विहिरींत, जमिनीखाली साठवतात. उन्हाळ्यात भरायचं, हिवाळ्यात काढायचं, अगदी आपल्या चाळीसारखं. भारतात अशी मोठी भूमिगत साठवण नाही. बंदरावरच्या टाक्यांत काही दिवसांचा माल मावतो, आणि त्यातलाही थोडा रोज उकळून वायू होत राहतो. शिवाय बंदरालाही हवामान असतंच. दाभोळच्या बंदरावर लाटा अडवणारा बांध पुरा नव्हता, तोवर पावसाळ्यात तिथे गॅसचं जहाज लावताच येत नव्हतं.

गॅस आणि वीज एकमेकांना कसे बुडवतात ते टेक्सासमध्ये फेब्रुवारी २०२१ ला दिसलं. कडाक्याच्या थंडीत विहिरींच्या तोंडाशी पाणी गोठलं, गॅस आटला, गॅसवरची केंद्रं बंद पडली. ताल सांभाळायला भारनियमन केलं, तर गॅस ढकलणाऱ्या यंत्रांचीच काही ठिकाणी वीज गेली, आणि गॅस आणखी आटला. भाव तिथल्या छताला, युनिटला ९ डॉलरवर, जाऊन बसला. थंडीच्या मोसमासाठी यंत्रणेला उबदार वेष्टन घातलं नव्हतं, एवढ्यावरून लाखो घरं दिवसचे दिवस अंधारात राहिली आणि माणसं दगावली.

वळीव आला आणि वीज गेली, तोही बाजारच का?

नाही. ते तुमच्या फीडरचं, म्हणजे उपकेंद्रातून तुमच्या भागात येणाऱ्या वाहिनीचं, दुखणं. खांबावरचा चिनी मातीचा इन्सुलेटर दिवसभर उन्हात तापतो आणि पहिला थेंब पडताच त्याला केसासारखी चीर जाते. त्या चिरेत पाणी शिरलं की वीज खांबातून जमिनीत उतरते आणि उपकेंद्रातलं यंत्र फीडर बंद करतं. वायरमनला ती चीर खालून दिसत नाही, खांब न् खांब तपासावा लागतो, म्हणून वेळ लागतो. त्या वेळी एक्सचेंजवर वीज फुकट मिळत असली तरी तुमच्या घरात येणार नाही.

पाऊस पडून भाव पडला, मग बिल का पडत नाही?

महावितरण आपली बहुतेक वीज वर्षानुवर्षांच्या करारांतून घेतं, एक्सचेंजवरून थोडीच. करारात दोन भाग असतात: स्थिर आकार, जो केंद्र चाललं नाही तरी द्यावा लागतो, आणि इंधनाचा खर्च, जो चालेल तेवढाच. पावसाने मागणी घटली तर दुसरा वाचतो, पहिला नाही. शिवाय घरगुती दर राज्य वीज नियामक आयोग ठरवतो. रोजची चढउतार आपल्यापर्यंत येते ती फक्त 'इंधन समायोजन आकार' या ओळीतून, आणि तीही काही महिने मागून. एप्रिलमध्ये महाग घेतलेल्या विजेची फोड ऐन पावसाळ्याच्या बिलात दिसते, आणि लोकांना वाटतं बिल चुकलं. बिल हातात घेतलं की युनिटांआधी ही ओळ बघावी.

सिलिंडरचा गॅस यात येतो का?

येत नाही. सिलिंडरमध्ये प्रोपेन-ब्युटेन असतो, हवेपेक्षा जड, आणि त्याचा भाव सौदी अरेबियाच्या मासिक भावावर चालतो. पाइपने येणारा आणि सीएनजी म्हणून गाडीत भरला जाणारा गॅस मिथेन आहे, हवेपेक्षा हलका. घरगुती पाइप आणि सीएनजीला देशातल्या जुन्या क्षेत्रांचा स्वस्त गॅस आधी मिळतो. त्याचा भाव एप्रिल २०२३ पासून कच्च्या तेलाच्या १० टक्के, पण सुरुवातीला ४ ते ६.५० डॉलरच्या चौकटीत, असा बांधला आहे. ही क्षेत्रं म्हातारी होत चालली आहेत. ऑक्टोबर आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये शहर गॅस कंपन्यांचा हा स्वस्त वाटा कापला गेला, तेव्हा सीएनजीसाठी महाग गॅस मिसळावा लागला. रिक्षावाल्याच्या भाड्यात ते उतरतंच.

सातपूर-अंबड-सिन्नरच्या कारखान्यांनी काय बघावं

कारखान्याला तो स्वस्त वाटा मिळत नाही, त्यामुळे पावडर कोटिंगची भट्टी असो की फोर्जिंगची, जागतिक भाव थेट लागतो. पहिली गोष्ट, करारातलं रोजचं ठरलेलं प्रमाण. कमी उचललं तरी किमान रक्कम भरावी लागते, जास्त उचललं तर वरच्या गॅसला तयार जहाजाचा भाव लागू शकतो. वर्षाच्या सरासरीवर प्रमाण ठरवलं की हिवाळ्यात फटका बसतो, कारण नेमकं तेव्हाच जग गॅस मागत असतं. दुसरी, दोन इंधनांवर चालणारा बर्नर. एक किलो एलपीजीमध्ये साधारण १.२५ ते १.३ घनमीटर गॅसइतकी उष्णता असते. एलपीजीच्या किलोच्या भावाला १.३ ने भागा. पाइपचा गॅस घनमीटरला त्याहून स्वस्त असेल तर तिथेच राहा. एलपीजी ९० रुपये किलो असेल तर ही रेघ ७० रुपयांच्या जरा खाली पडते. बदलताना नोझल आणि हवेचं प्रमाणही बदलावं लागतं, नाहीतर ज्योत पिवळी होते, काजळी धरते आणि वाचवलेले पैसे खराब मालात जातात.

विजेच्या बाजूला टीओडीचे, म्हणजे दिवसाच्या वेळेप्रमाणे बदलणाऱ्या दराचे, तास बघा. संध्याकाळच्या तासांना अधिभार असतो आणि सौर तासांकडे सवलत सरकत चालली आहे. कॉम्प्रेसर, चिलर, पाण्याच्या टाक्या, द्राक्षांचं शीतगृह, जे जे दुपारी करून ठेवता येईल ते दुपारीच उरकावं. शीतगृह दुपारी एक-दोन अंश जास्त गार करून संध्याकाळी दोन तास यंत्र मंद ठेवणं ही सगळ्यांत सोपी बॅटरी आहे. मात्र द्राक्षाला शून्याच्या फार खाली जाऊ देऊ नका आणि दार उघडण्याच्या वेळा आधी ठरवा.

पुढच्या उन्हाळ्याचा अंदाज घ्यायचा असेल तर ऑक्टोबरच्या शेवटी तीन गोष्टी बघून ठेवाव्यात: कोयनेत पाणी किती आणि कोट्यातलं किती उचललं गेलं, वीज केंद्रांच्या यार्डात कोळसा किती दिवसांचा आहे, आणि युरोपचे साठे हिवाळ्यात शिरताना किती भरलेले आहेत. तिन्ही आकडे जाहीर होतात.